बळीचा बकरा कसा निवडला जातो?

युद्धात नामुष्की पत्करावी लागली, रोगाची साथ पसरली किंवा लोकांची आयुष्यभराची पुंजी एखाद्या बँकेत बुडाली, की 'हे कुणामुळे झाले?' हा प्रश्न पुढे येतो. त्याचे खरे उत्तर बहुधा गुंतागुंतीचे असते आणि ते शोधायला वेळ लागतो. तेवढा धीर ना लोकांना असतो, ना राज्यकर्त्यांना. मग आधीच नजरेत खुपणारा एखादा माणूस किंवा समाजगट पुढे ओढला जातो आणि साऱ्या पापाचे खापर त्याच्या माथी फोडले जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आपल्या म्हणींनाही चांगला ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकात त्याची बरीच चिकित्सा केली. तथापि राजकीय छळात ही वृत्ती प्रत्यक्ष कशी काम करते, हे पाहायचे असेल तर फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. १८९४ ते १९०६ अशी बारा वर्षे गाजलेल्या या प्रकरणातील साक्षी, बनावट पत्रे आणि वृत्तपत्रांचे अंक आजही उपलब्ध आहेत. त्यामुळे निरपराध माणसाला देशद्रोही ठरवण्याची एकेक पायरी तपासून पाहता येते.

दोन बोकडांची कथा

'बळीचा बकरा' हा शब्दप्रयोग आपण सर्रास वापरतो. पण ज्या विधीवरून ही कल्पना जगभर रूढ झाली, त्यातला बोकड बळी दिला जात नसे. ज्यूंच्या धर्मग्रंथातील 'लेवीय' या भागाच्या सोळाव्या अध्यायात या प्रायश्चित्तविधीचे वर्णन आहे. त्यासाठी दोन बोकड आणले जात आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे भवितव्य ठरे. एकाचा देवासाठी बळी दिला जाई. दुसऱ्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून मुख्य याजक सर्व लोकांच्या पापांचा उच्चार करी आणि ती पापे शिरावर घेतलेल्या त्या बोकडाला रानात सोडून दिले जाई. (पुढील काळातील परंपरेनुसार त्याला कड्यावरून ढकलून देत असत.) १५३० मध्ये विल्यम टिंडल याने या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करताना या दुसऱ्या बोकडासाठी नवा शब्द घडवला आणि तोच पुढे निरपराध माणसाला लागू झाला. मराठीत मात्र हे दोन्ही बोकड एकच झाले आहेत.

प्राचीन ग्रीक नगरांतही याच्याशी नाते सांगणारी प्रथा होती. अथेन्समध्ये एका वार्षिक उत्सवात समाजातील दोन दीनदुबळ्या माणसांची मिरवणूक काढून त्यांना वेशीबाहेर हाकलले जाई. नगराची अशुद्धी त्यांच्याबरोबर गेली, असे मानले जाई.

या विधींत एक गोष्ट उघड होती. बोकडाने काहीही केलेले नाही, पापे आपली आहेत, हे हात ठेवणाऱ्याला ठाऊक असे. राजकीय छळात नेमकी हीच जाणीव नाहीशी होते. रने जिरार या फ्रेंच विचारवंताने १९८२ मधील आपल्या ग्रंथात यावर भर दिला आहे. बळीचा बकरा करणाऱ्यांना आपण तसे करत आहोत याची कल्पनाच नसते. त्यांच्या दृष्टीने समोरचा खरोखरीच गुन्हेगार असतो आणि हा विश्वास जितका प्रामाणिक, तितका छळ निर्दय होत जातो.

जिरार यांनी आपल्या विवेचनाची सुरुवात चौदाव्या शतकातील प्लेगपासून केली आहे. १३४८-४९ मध्ये युरोपात प्लेगने थैमान घातले, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची वदंता पसरली. प्लेगने ज्यूही मरत आहेत, असे सांगून सहावे पोप क्लेमेंट यांनी फर्माने काढली. पण ऐकतो कोण? अल्सास प्रांतातील स्ट्रासबुर्ग शहरात तर प्लेग पोहोचलाही नव्हता. तेथील नगरमंडळ ज्यूंना संरक्षण देऊ पाहत होते, म्हणून कारागिरांच्या संघांनी ते उलथून टाकले आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्याकडून घेतलेली कर्जे रद्द झाली, गहाणवस्तू परत गेल्या, रोकड वाटून घेण्यात आली. भीती खरी होती यात शंका नाही. पण त्या भीतीतून कुणाचे काय साधले, तेही नोंदवून ठेवायला हवे.

राग कुठे निघतो?

या वृत्तीचे पहिले पद्धतशीर स्पष्टीकरण १९३९ मध्ये येल विद्यापीठातील जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. इच्छेच्या आड काही आले, की वैफल्य येते आणि वैफल्यातून आक्रमकता जन्मते. ज्याच्यामुळे वैफल्य आले तो बलवान असेल किंवा हाती लागत नसेल, तर हा राग दुर्बळावर निघतो. वरिष्ठांची बोलणी खाल्लेला माणूस घरी येऊन मुलांवर खेकसतो, तोच हा न्याय. पुढच्याच वर्षी कार्ल हॉवलंड आणि रॉबर्ट सीअर्स यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतील १८८२ ते १९३० या काळाची आकडेवारी तपासली. कापसाचे भाव पडले की कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याचे प्रकार वाढतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण दिले जात असे. पण १९९८ मध्ये डोनाल्ड ग्रीन व सहकाऱ्यांनी ही आकडेवारी पुढच्या वर्षांपर्यंत नेऊन पाहिली, तेव्हा हा संबंध टिकला नाही. महामंदीच्या खाईतही असे प्रकार अपेक्षेप्रमाणे वाढले नव्हते.

याचा अर्थ वैफल्याचा काहीच संबंध नाही, असा नव्हे. पण पोट रिकामे झाले की माणसे आपोआप शेजाऱ्यावर तुटून पडतात, हे म्हणणे अपुरे आहे. शिवाय गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच दाखवून दिल्याप्रमाणे, अनेक दुर्बळ गटांतून नेमका अमुकच गट का निवडला जातो, याचे उत्तर या सिद्धांतात मिळत नाही. अलीकडच्या काळात पीटर ग्लिक यांनी त्याची दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते, ज्यांच्यावर दोष येतो ते गट दुर्बळ असले तरी लोकांना तसे वाटत नाहीत. उलट ते धूर्त, श्रीमंत, आतून एकजूट असलेले आणि पडद्याआडून सूत्रे हलवणारे आहेत, अशी समजूत आधीपासून पसरलेली असते. संख्येने मूठभर, परंतु दबदबा मोठा, असे चित्र ज्यांच्याविषयी रंगवता येते, त्यांच्यावर कट रचल्याचा आरोप सहज चिकटतो. म्हणजेच बकरा संकटाच्या आधीच निवडलेला असतो. संकट आले की त्याला फक्त दावणीतून सोडायचे.

२०१२ मध्ये झॅकरी रॉथशिल्ड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांच्या आधारे यात दोन वेगवेगळ्या गरजा असल्याचे दाखवले. आपल्या हातून झालेल्या चुकीची टोचणी कमी करणे ही पहिली. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. जगात घडणाऱ्या अनर्थांवर आपला काहीच ताबा नाही, ही भावना माणसाला असह्य होते. त्यापेक्षा 'यामागे कुणीतरी आहे' असे मानणे सोपे जाते. शत्रू दिसला की त्याच्याशी लढता तरी येते!

आणखी एका प्रयोगाचा उल्लेख येथे करायला हवा. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ मध्ये काही विद्यार्थिनींना एका तरुणीला विजेचे झटके बसत असल्याचे दाखवले (प्रत्यक्षात ते नाटक होते). तिचा छळ थांबवणे ज्यांच्या हाती नव्हते, त्यांनी हळूहळू तिच्याविषयीच वाईट मत बनवले. जग न्याय्य आहे, हा विश्वास सोडवत नाही. मग ज्याला शिक्षा होते आहे त्याने काहीतरी केलेच असणार, असे मन म्हणू लागते. विस्तवाशिवाय धूर निघत नाही, हे आपण किती सहज बोलून जातो!

केराच्या टोपलीतील कागद

हे सारे प्रयोग व्हायच्या पाऊणशे वर्षे आधी फ्रान्समध्ये जे घडले, ते पाहू. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांनी फ्रान्सचा दारुण पराभव केला आणि अल्सास व लोरेनचा काही भाग हिसकावून घेतला. १८८२ मध्ये 'युनियन जनरल' ही कॅथलिकांचा मोठा पाठिंबा असलेली बँक बुडाली. पाठोपाठ पनामा कालवा कंपनीचे दिवाळे वाजले, लाखो छोट्या गुंतवणूकदारांची बचत बुडाली आणि १८९२ मध्ये कित्येक लोकप्रतिनिधींनी त्या कंपनीकडून लाच घेतल्याचे उघडकीस आले. त्यातील काही दलाल ज्यू होते. लाच घेणारे राजकारणी बहुसंख्येने तसे नव्हते. पण लक्षात राहिले ते दलाल. एदुआर द्रुमाँ या पत्रकाराने १८८६ मध्येच ज्यूंविरुद्ध एक भलामोठा द्विखंडी ग्रंथ लिहून अफाट खप मिळवला होता. १८९२ मध्ये त्याने 'ला लीब्र पारोल' हे दैनिक काढले आणि सैन्यातील ज्यू अधिकाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. त्या वेळी फ्रान्सची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या पुढे आणि ज्यू सुमारे ऐंशी हजार. म्हणजे दर पाचशे माणसांमागे जेमतेम एक!

सप्टेंबर १८९४ मध्ये पॅरिसमधील जर्मन वकिलातीत साफसफाई करणाऱ्या आणि फ्रेंच हेरखात्यासाठी काम करणाऱ्या एका बाईमार्फत, लष्करी सल्लागाराच्या टोपलीतील फाटका कागद हेरखात्याच्या हाती आला. त्यावर सही नव्हती. तोफखान्याशी संबंधित काही गुप्त माहिती पाठवत असल्याची ती यादी होती. लष्करी मुख्यालयात कुणीतरी फितूर आहे, हे उघड झाले. तोफखान्याची जाण असलेल्या आणि मुख्यालयात प्रशिक्षणासाठी आलेल्या अधिकाऱ्यांची नावे चाळताना एका नावावर बोट थांबले : कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस, वय ३५, ज्यू, मूळचा अल्सासचा. त्याच्या कुटुंबाने जर्मन अमलाऐवजी फ्रान्सचे नागरिकत्व पत्करले होते. तो श्रीमंत होता, त्याला पैशांची गरज नव्हती आणि व्यसनेही नव्हती. देशद्रोहाचे एकही नेहमीचे कारण त्याला लागू पडत नव्हते.

१५ ऑक्टोबरला त्याला बोलावून एक मजकूर लिहून घेतला आणि तिथेच अटक केली. पुढचा तपास मासलेवाईक आहे. घराच्या झडतीत काहीच सापडले नाही, तेव्हा त्याने पुरावे आधीच नष्ट केले असावेत, असे मानले गेले. त्याला अनेक भाषा येत, त्याची स्मरणशक्ती दांडगी होती. आरोपपत्रात या गोष्टीही संशयास्पद ठरल्या. गुन्हेगारांच्या शरीरमापनाची पद्धत शोधणारा आल्फाँस बर्तियाँ हा त्या काळी पॅरिस पोलिसांतील नामांकित तज्ज्ञ. हस्ताक्षरशास्त्र हा त्याचा विषयच नव्हता. कागदावरील अक्षर ड्रेफसच्या अक्षराशी पुरते जुळत नाही, याचा अर्थ ड्रेफसने स्वतःच्याच अक्षराची बनावट नक्कल केली, असा त्याने निर्वाळा दिला. जुळले तर पुरावा आणि न जुळले तरी पुरावा, अशी तऱ्हा झाली. बकरा एकदा ठरला, की त्याच्या विरुद्ध जाणारी वस्तुस्थितीही त्याच्याच पारड्यात दोषाची भर घालू लागते, हे यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसेल.

युद्धमंत्री ऑग्युस्त मर्सिए हा आधीच टीकेचा धनी झाला होता. अटकेची बातमी द्रुमाँच्या दैनिकाने फोडली आणि मंत्री ज्यूला पाठीशी घालणार काय, असा सूर लावला. आता माघार घेणे म्हणजे राजकीय आत्मघात. खटला उभा राहण्यापूर्वीच मर्सिएने वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला आरोपीच्या दोषाविषयी खात्री असल्याचे सांगून टाकले. डिसेंबरात बंद दाराआड लष्करी न्यायालय बसले. पुरावा लंगडा पडतो आहे असे दिसताच न्यायाधीशांना एक गुप्त पाकीट देण्यात आले. त्यात 'डी' या आद्याक्षराच्या कुणा हलकट माणसाचा उल्लेख असलेले एक पत्र होते. ते पाकीट ना आरोपीला दाखवले, ना त्याच्या वकिलाला. सातही न्यायाधीशांनी एकमताने जन्मठेप दिली.

५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या सैनिकी विद्यालयाच्या प्रांगणात त्याच्या गणवेशावरील फिती व बटणे ओरबाडून काढण्यात आली आणि त्याची तलवार मोडण्यात आली. तो 'मी निर्दोष आहे' असे ओरडत होता आणि कुंपणाबाहेरचा जमाव ज्यूंच्या मरणाच्या घोषणा देत होता. विधी म्हणून पाहिले तर दोन बोकडांच्या कथेतील सारे येथे होते. मस्तकावर हात ठेवण्याऐवजी फिती फाडल्या गेल्या आणि रानाच्या जागी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचे 'डेव्हिल्स आयलंड' हे ओसाड बेट आले. तेथे तो एकमेव कैदी होता. पहारेकऱ्यांना त्याच्याशी बोलण्याची बंदी होती. १८९६ मध्ये तो पळाल्याची खोटी बातमी छापून आली, तेव्हा कित्येक आठवडे रात्रीच्या वेळी त्याचे पाय लोखंडी बेड्यांनी खाटेला जखडून ठेवण्यात आले.

चूक मान्य करण्याची किंमत

येथवरची कथा गैरसमजाची म्हणता येईल. छळ सुरू होतो तो पुढे. मार्च १८९६ मध्ये हेरखात्याचा नवा प्रमुख जॉर्ज पिकार याच्या हाती त्याच वकिलातीतील आणखी एक फाटका कागद आला. त्यावर फर्दिनांद एस्तेरहाझी या कर्जबाजारी व जुगारी फ्रेंच अधिकाऱ्याचे नाव होते. पिकारने त्याचे अक्षर मिळवले, तर ते मूळ यादीतील अक्षराशी तंतोतंत जुळले! पिकारला ज्यूंविषयी ममत्व नव्हते, ड्रेफस दोषी आहे असेच तोही मानत आला होता. तरीही त्याने वरिष्ठांना सत्य सांगितले. तो ज्यू बेटावर राहिला तर तुमचे काय बिघडले, अशा अर्थाचे उत्तर आपल्याला मिळाले, असे पुढे त्याने न्यायालयात सांगितले. त्याची रवानगी ट्युनिशियाला झाली आणि हेरखात्यातील मेजर आंरी याने ड्रेफसचे नाव असलेले एक पत्रच बनवून कागदपत्रांत घुसडले.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. १८९४ मध्ये ड्रेफसला दोषी मानणाऱ्यांची समजूत चुकली होती. १८९६ नंतर त्याला दोषी ठेवणाऱ्यांना निदान शंका तरी आलेली होती. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेला बोधात्मक विसंगतीचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. आपण सज्जन आहोत ही धारणा आणि आपण निरपराध माणसाला जिवंतपणी गाडले ही वस्तुस्थिती मनात एकत्र नांदू शकत नाहीत. दोहोंपैकी एक बदलावी लागते आणि बदलायला सोपी असते ती वस्तुस्थिती. व्यक्तीच्या बाबतीत हे खरे, तर संस्थेच्या बाबतीत ते कितीतरी पटीने खरे ठरते. सेनापतींनी, मंत्र्यांनी, न्यायाधीशांनी आपापली पत पणाला लावलेली होती. ड्रेफस निर्दोष म्हणायचा तर ते सारे दोषी ठरत होते. मग 'लष्कराची प्रतिष्ठा' हा शब्द पुढे आला आणि एका माणसाच्या निरपराधित्वाचा प्रश्न देशाच्या सुरक्षिततेविरुद्ध उभा करण्यात आला.

११ जानेवारी १८९८ रोजी लष्करी न्यायालयाने एस्तेरहाझीला निर्दोष सोडले. दोनच दिवसांनी 'लोरोर' या दैनिकात कादंबरीकार एमिल झोला यांचे राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले, 'मी आरोप करतो' या मथळ्याचे खुले पत्र पहिल्या पानावर झळकले. झोला यांनी सेनाधिकाऱ्यांची नावे घेऊन आरोप केले होते. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, एक वर्षाची कैद व तीन हजार फ्रँक दंड ठोठावण्यात आला आणि अखेर त्यांना लंडनला आश्रय घ्यावा लागला. त्याच सुमारास फ्रान्सच्या अनेक शहरांत ज्यूंची दुकाने फोडण्यात आली. त्या वेळी फ्रेंच अमलाखाली असलेल्या अल्जीरियात दंगलींत माणसे मेली आणि मे महिन्यातील निवडणुकीत अल्जियर्समधून द्रुमाँ चक्क संसदेवर निवडून आला. एका कॅप्टनवरचा आरोप आता साऱ्या समाजावर पसरला होता.

ऑगस्ट १८९८ मध्ये आंरीचे पत्र बनावट असल्याचे उघड झाले. त्याने कबुली दिली, त्याला तुरुंगात टाकण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने वस्तऱ्याने गळा चिरून घेतला. येथे तरी डोळे उघडावेत! परंतु त्याने देशासाठी बनावट कागद तयार केला, असे समर्थन सुरू झाले. द्रुमाँच्या दैनिकाने त्याच्या विधवेसाठी वर्गणी काढली, तेव्हा सुमारे पंचवीस हजार लोकांनी मिळून एक लाख एकतीस हजार फ्रँक दिले. देणाऱ्यांत लष्करी अधिकारी होते, धर्मगुरू होते, विद्यार्थी, कारागीर आणि मजूरही होते. वर्गणीबरोबर अनेकांनी चार ओळी लिहून पाठवल्या आणि त्या छापल्याही गेल्या. त्यांत ड्रेफसचा संबंध फारच थोडा. कुणाचा धंदा बसला होता, कुणाला महागाईने गांजले होते, कुणाला धर्म बुडाल्याचे दुःख होते. प्रत्येकाने आपापले गाऱ्हाणे त्या एकाच खुंटीला टांगले होते. अशा छळाला नेते आणि वृत्तपत्रे दिशा देतात, हे खरे. परंतु स्वखुशीने खिशात हात घालणारी ही साधीसुधी माणसे मला अधिक अस्वस्थ करतात.

निर्दोष, पण सावकाश

१८९९ मध्ये रेन शहरात ड्रेफसवर पुन्हा लष्करी खटला चालला. पाच विरुद्ध दोन मतांनी तो पुन्हा दोषी ठरला, पण 'सौम्य ठरवणारी परिस्थिती' लक्षात घेऊन शिक्षा दहा वर्षांवर आणली गेली. देशद्रोहाला सौम्य ठरवणारी परिस्थिती कोणती, ते न्यायालयाने सांगितले नाही. दहा दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. खचलेल्या प्रकृतीमुळे ड्रेफसने ती स्वीकारली. त्यावरूनही त्याच्या काही पाठीराख्यांनी त्याला दूषणे दिली. अखेर १२ जुलै १९०६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि मेजर म्हणून त्याला सैन्यात परत घेण्यात आले. बेटावरची वर्षे मात्र त्याच्या सेवेत धरली गेली नाहीत. बढतीची आशा संपल्याने पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला. १९०८ मध्ये झोला यांच्या अस्थी पँथिऑनमध्ये हलवण्याच्या समारंभात एका पत्रकाराने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हल्लेखोराला ज्युरींनी निर्दोष सोडले. पहिल्या महायुद्धात ड्रेफस पुन्हा गणवेश चढवून फ्रान्ससाठी उभा राहिला. १९३५ मध्ये त्याचे निधन झाले. खरा फितूर एस्तेरहाझी इंग्लंडला पळाला होता. तेथे नाव बदलून तो १९२३ पर्यंत सुखाने जगला.

संस्थेच्या स्मरणातून बकऱ्याला बाहेर पडायला किती काळ लागतो, याचे हिशेब मोठे विलक्षण आहेत. १९८० च्या दशकात मोडकी तलवार हाती धरलेला ड्रेफसचा पुतळा घडवण्यात आला, तेव्हा ज्या सैनिकी विद्यालयात त्याची विटंबना झाली तेथे तो बसवण्यास लष्कराने नकार दिला. १९९४ मध्ये लष्कराच्या इतिहास विभागाने प्रसिद्ध केलेल्या लेखात, ड्रेफसचे निर्दोषत्व हे 'इतिहासकारांत सर्वसाधारणपणे मान्य असलेले मत' असल्याचे म्हटले होते. त्यावरून विभागप्रमुखाला पद गमवावे लागले. पुढच्या वर्षी लष्कराने ते निर्दोषत्व जाहीरपणे मान्य केले. बुडालेल्या सेवेच्या वर्षांमुळे हुकलेले ब्रिगेडियर जनरलचे पद फ्रेंच संसदेने कायदा करून ड्रेफसला दिले ते २०२५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांनी.